पंख्याच्या तीन ओळी

घर असो की संगणक, एखादी वस्तू आत आणायला कोणाचीही परवानगी लागत नाही. ती बाहेर काढायची म्हटली की सगळ्यांची लागते. मोडक्या दांडीची छत्री, मुलगा मिशा कोरायला लागला तरी जिन्याखाली उभी असलेली त्याची तीनचाकी, कुठल्या कुलपाची हे कोणालाच ठाऊक नसलेली किल्ली, या वस्तू घरात कशा आल्या याची चौकशी कधी होत नाही. पण टाकायला निघा, की घरातला प्रत्येक माणूस दारात आडवा होतो. "असू दे की, खायला मागते का?" हा प्रश्न जिथे विचारला जातो ते घर सुसंस्कृत समजावं. या दृष्टीने पाहता संगणकाच्या कर्नेलइतकं सुसंस्कृत घर पृथ्वीच्या पाठीवर दुसरं नसेल.

कर्नेल म्हणजे संगणकाचा गाभा. संगणक सुरू केला की तो सर्वांआधी जागा होतो, बाकीच्यांना उठवतो, कोणाला किती जागा आणि किती वेळ ते वाटून देतो, आणि सगळे झोपल्यावर मग झोपतो. त्याचं कौतुक कोणी करत नाही; काही बिघडलं की मात्र सगळे त्याच्याच नावाने खडे फोडतात. (प्रत्येक घरात असं एक माणूस असतं. आपल्या घरात ते कोण, हे ज्याला सांगता येत नाही, तो ते माणूस नव्हे.) या गाभ्यात कोट्यवधी ओळी असतात आणि त्या हजारो लोक मिळून लिहितात. बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नसतं, त्यामुळे त्यांचे संबंध चांगले आहेत.

ज्यांची ही हकिकत आहे त्यांना कचेरीत सगळे 'हंगामी' म्हणत, कारण त्यांची नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. सहा महिन्यांची उमेदवारी होती आणि अट साधी होती: तेवढ्या काळात कर्नेलमध्ये स्वतःच्या नावाने निदान एक बदल मंजूर करून घ्यायचा. नाही झाला, तर हंगामी बायको, मुलगी आणि सासूबाईंसह मेहुण्याच्या गावी जाणार आणि त्याच्या फरशीच्या दुकानात बसणार, हे घरात ठरलेलं होतं. मेहुणा मनाने फार मोठा होता. (अशा मेहुण्यांपासून देव वाचवो.) नोकरी लागली त्याच आठवड्यात तो फोनवर म्हणाला होता, "भाऊजी, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. काउंटरमागे तुमच्यासाठी स्टूल आणून ठेवलंय."

त्या स्टुलावर त्याने निळ्या कापडाची गादीही शिवून घेतली होती आणि तिचा फोटो पाठवला होता. हंगामींना फरशीबद्दल आकस नव्हता. पण उरलेलं आयुष्य "आमच्या भाऊजींना आम्हीच बसवलंय" हे वाक्य गिऱ्हाइकांसमोर ऐकत काढायची त्यांची तयारी नव्हती. कामात जरा मन लागलं की ती निळी गादी डोळ्यांसमोर उभी राहायची.

तेव्हा त्यांनी शहाण्या माणसासारखा लहानात लहान बदल निवडला. एका जुन्या पंख्याला सांभाळणारा कोड होता. (संगणकाच्या पोटात एक पंखा असतो. तो फिरतो तोवर सगळं थंड असतं.) त्या कोडात तीन ओळी जास्तीच्या होत्या. पहिली ओळ एका डब्यात शून्य ठेवायची, आणि लगेच पुढची ओळ त्या शून्याकडे न बघता ते फेकून डब्यात दुसरा आकडा ठेवायची. शून्याने इतक्या वर्षांत तक्रार केली नव्हती. दुसरी ओळ विचारायची, 'पंखा जोडलेला आहे ना?' तिच्या आधीच्या ओळीनेही नेमकं तेच विचारलेलं असायचं, आणि दोन ओळींच्या मधल्या वेळात पंखा कुठे जाऊन येण्याची शक्यता नव्हती. तिसरी ओळ नुसती रिकामी होती. हंगामींनी तिन्ही ओळी खोडल्या, वर एका वाक्याचं वर्णन लिहिलं, 'पंख्याच्या कोडाची किरकोळ सफाई', आणि बदल मेलिंग लिस्टवर, म्हणजे या हजारो जणांना एकदम जाणाऱ्या टपालावर, पाठवून ते चहाला गेले.

इथे तपासणीची पद्धत सांगणं आवश्यक आहे. लिस्टवर आलेला बदल ज्यांना वेळ आहे ते तपासतात, आणि ज्यांना वेळ नाही ते जास्त बारकाईने तपासतात. पटला की त्याखाली 'तपासले' असं लिहून आपलं नाव घालायचं. ते नाव त्या बदलाला कायमचं चिकटतं. तपासणाऱ्यांसाठी पाच नियम आहेत आणि ते म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पहिला नियम, एका बदलात एकच गोष्ट असावी. दुसरा, वर्णनात काय केलं ते सांगू नये, का केलं ते सांगावं; काय केलं हे खाली दिसतंच. तिसरा, सुधारलेली आवृत्ती आली की ती पहिल्यापासून वाचत बसू नये, सोबतच्या 'मागच्या वेळेपासून काय बदललं' या यादीत आपली सूचना पाळली आहे का तेवढं पाहावं, कारण बाकीचं बाकीच्यांनी पाहिलेलं असतं. आणि शेवटचा, एकदा दिलेलं 'तपासले' कधीही परत घेऊ नये. त्याने माणसाची शोभा होते. हे पाचही नियम हंगामींनी छापून टेबलासमोर चिकटवले होते.

पहिलं उत्तर अर्धविरामबाईंचं आलं. दुसऱ्याच्या कोडात राहून गेलेला अर्धविराम त्यांना लांबून दिसायचा, म्हणून हे नाव. त्यांनी लिहिलं, 'तिन्ही ओळी अनावश्यक आहेत यात वाद नाही. पण रिकामी ओळ हा स्वतंत्र विषय आहे. तो स्वतंत्र पाठवावा.' हंगामींनी रिकामी ओळ जागेवर ठेवली, दुसरी आवृत्ती पाठवली आणि रिकाम्या ओळीचा बदल वेगळा पाठवला. त्यावर बाईंचं तत्परतेने उत्तर आलं: 'नुसत्या एका रिकाम्या ओळीसाठी इतक्या लोकांचा वेळ घेणं बरं नव्हे.' तात्पर्य, रिकामी ओळ वाचली.

संध्याकाळी घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय जावईबापू, झालात का पास?"

"अजून नाही. दुसरी आवृत्ती पाठवलीय."

सासूबाई आपल्या लेकीकडे, म्हणजे हंगामींच्या बायकोकडे, वळून हळूच, म्हणजे जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाल्या, "अगं, पुन्हा त्याच वर्गात बसवलंय त्यांना." आणि त्या दिवसापासून, परीक्षेच्या दिवसांत मुलांना देतात तसं, त्यांनी हंगामींना रोज संध्याकाळी पेलाभर दूध द्यायला सुरुवात केली. प्रत्येक नव्या आवृत्तीला पेला मोठा होत गेला.

नंतर शंकासूर आले. या गृहस्थांनी आयुष्यात कोणत्याही गोष्टीला पहिल्या फटक्यात हो म्हटलेलं नव्हतं (त्यांच्या लग्नाबद्दल लिस्टवर वेगवेगळे तर्क होते). त्यांनी लिहिलं, 'आज या दोन ओळींच्या मध्ये पंखा कुठे जात नाही, हे मान्य. उद्या गेला तर?' हंगामींनी नम्रपणे कळवलं की पंखा चार स्क्रूंनी बसवलेला असतो. शंकासूर म्हणाले, 'कोडात स्क्रूंचा कुठेही उल्लेख नाही.' मग स्क्रूंच्या विश्वासार्हतेवर आठवडाभर चर्चा झाली. तिच्यात अनेक अनुभवी लोकांनी भाग घेतला, आणि एकाने स्वतःचा संगणक उघडून पाहिला तर त्याच्या पंख्याला तीनच स्क्रू निघाले. त्याबरोबर वाद मिटला. दुहेरी विचारणा राहिली.

उरलं शून्य. ते कारभाऱ्यांपुढे गेलं. कर्नेलमधले यच्चयावत पंखे कारभाऱ्यांच्या अखत्यारीत येत आणि त्यांच्या होकाराशिवाय तिथलं पान हलत नसे, मग पातं कुठून हलणार? ते म्हणाले, 'बाकीच्या सगळ्या पंख्यांच्या कोडात हे शून्य आहे. एकट्या याचं काढलं तर एकसारखेपणा बिघडेल. काढायचं तर सगळ्यांचं काढा.' हंगामींनी सगळ्यांचं काढलं. कारभारी म्हणाले, 'एका बदलात एकच गोष्ट असावी.' हंगामींनी कपाळाला हात लावला आणि तो काढून पुन्हा कीबोर्डवर ठेवला.

या सगळ्या काळात एकच गोष्ट सतत सुधारत होती, ती म्हणजे वर्णन. तिच्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. एका वाक्याचं वर्णन फुलून चार परिच्छेदांचं झालं. त्यात पंख्याचा पूर्वेतिहास आला, सफाईचं तत्त्वज्ञान आलं, पुढच्या पिढ्यांविषयीची कळकळ आली. आठव्या आवृत्तीचं वर्णन वाचताना तर आपण कोडाबद्दल वाचतोय की एखाद्या थोर माणसाच्या निधनाबद्दल, असा प्रश्न पडावा. त्याखाली नियमाप्रमाणे मागच्या वेळेपासूनच्या बदलांची यादी होती:

रिकामी ओळ काढणं वगळलं (अर्धविरामबाईंच्या सूचनेनुसार).
दुहेरी विचारणा काढणं वगळलं (शंकासूरांच्या सूचनेनुसार).
शून्य काढणं वगळलं (कारभाऱ्यांच्या सूचनेनुसार).
वर्णन अधिक नेमकं केलं.

आणि त्याखाली, जिथे प्रत्यक्ष बदल असायचा, तिथे काहीही नव्हतं.

हे हंगामींच्या लक्षात आलं नाही. सूचना पाळणाऱ्या माणसाचं लक्ष सूचनांकडे असतं. अर्धविरामबाईंनी यादी पाहिली. आपली सूचना पाळली गेली होती. त्यांनी 'तपासले' लिहिलं. शंकासूरांनी यादी पाहिली आणि हयातीत प्रथमच, एकही शंका न विचारता, 'तपासले' लिहिलं. या दोघांनी होकार दिलेला बदल आपल्या नावाविना जाऊ नये म्हणून आणखी नऊ जण धावून आले. स्वयंचलित चाचणीयंत्राने तो नाना तऱ्हेच्या संगणकांवर चालवून अहवाल दिला की एकही नवा दोष सापडला नाही. इतका निर्दोष बदल यंत्राच्या पाहण्यात नव्हता. एका गृहस्थांनी तर स्वखुशीने मोजमाप करून कळवलं की पंख्याचा आवाज जाणवण्याइतका कमी झाला असून तापमान अर्ध्या अंशाने उतरलं आहे.

शेवटी कारभारी तो बदल कर्नेलमध्ये सामील करायला बसले. ते ज्या हत्याराने हे काम करत, ते म्हणालं, 'यात काही नाही.' कारभाऱ्यांनी क्षणभर विचार केला. एकीकडे अकरा जाणती माणसं, दुसरीकडे एक हत्यार. त्यांनी हत्याराला 'रिकामं असलं तरी घे' अशी आज्ञा दिली. (अशी आज्ञा त्या हत्यारात पहिल्यापासून आहे. ती कोणी कोणासाठी करून ठेवली, याचा उलगडा आता झाला.) एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

घरी सासूबाईंनी त्याच संध्याकाळी दूध बंद केलं. परीक्षा संपली होती. कचेरीत विभागप्रमुख बाईंनी सगळ्यांसमोर हंगामींचं कौतुक केलं, "बदल लहान, पण शिस्त बघा!" आणि नोकरी पक्की झाल्याचं पत्र सहीला ठेवल्याचं सांगितलं. हंगामी तरंगत टेबलापाशी आले. आपला पहिला बदल छापून घरी न्यावा म्हणून त्यांनी तो उघडला. वर त्यांचं नाव होतं. मग चार परिच्छेद, अकरा नावं. त्यांनी खाली पाहिलं, आणखी खाली पाहिलं, आणि त्यांच्या पायाखालची फरशी सरकली.

त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी हातात तशीच धरून तिने विचारलं, "म्हणजे तू काहीच केलं नाहीस?"

"केलं ना! आठ आवृत्त्या केल्या."

"मग गप्प बस," ती म्हणाली आणि पुढचा शर्ट घेतला.

हंगामी गप्प बसलेही असते. पण त्याच आठवड्यात लिस्टवर तक्रार आली. एका माणसाच्या संगणकात नवं कर्नेल घातल्यापासून पंखा रात्रंदिवस बोंबलत होता. असा दोष शोधण्याची एक शास्त्रीय रीत आहे. मागच्या काळातले सगळे बदल ओळीने मांडायचे, त्यांचे दोन भाग करायचे, ज्या अर्ध्यात दोष दिसेल त्याचे पुन्हा दोन भाग करायचे, असं करत शेवटी जो एकटा उरेल तो चोर. ही रीत कधीच चुकत नाही, फक्त दोष दर वेळी दिसायला हवा. हा पंखा आपल्या मर्जीने कधी ओरडे, कधी ओरडत नसे. शेवटी उरला तो हंगामींचा बदल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथे तर संन्याशाच्या अंगावर लंगोटीसुद्धा नव्हती.

पक्क्या नोकरीचं पत्र विभागप्रमुख बाईंच्या टेबलावर सही न होता थांबलं. हंगामींची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. बदलात काही नाही असं सांगावं, तर पंखा बिघडवल्याच्या आरोपातून सुटका, पण मग मंजूर बदलच उरत नाही आणि नोकरी जाते. बदलात काही आहे असं म्हणावं, तर नोकरीची अट पूर्ण, पण पंखा आपणच बिघडवला. दोन्ही रस्ते निळ्या गादीपाशी जात होते. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागेना. सासूबाईंनी काही न विचारता पुन्हा दूध सुरू केलं, आणि तो भरलेला पेला पाहून हंगामींना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी खरं सांगायचं ठरवलं. त्यांनी लिस्टवर लिहिलं: 'माझ्या बदलात काहीच नाही. एकही ओळ बदललेली नाही, त्यामुळे त्याने पंखा बिघडणं शक्य नाही. पाठवण्यापूर्वी मी पाहायला हवं होतं. चूक माझी आहे.'

याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. अर्धविरामबाईंनी लिहिलं, 'नम्रता चांगली, पण जबाबदारी टाळण्यासाठी तिचा आधार घेऊ नये.' शंकासूरांनी विचारलं, 'काहीच नाही, हे कशावरून? कोणकोणत्या पंख्यांवर तपासलंत?' कारभाऱ्यांनी मात्र शांतपणे समजूत घातली: 'अकरा जणांनी हा बदल तपासलेला आहे. त्यात काही नसतं, तर एकाच्या तरी लक्षात आलं असतं. उगीच वाद न घालता तो मागे घ्या.'

हंगामींनी तो मागे घेतला. म्हणजे, जे काढलं नव्हतं ते परत घालण्याचा बदल त्यांनी पाठवला. त्यातही अर्थातच काही नव्हतं, पण या वेळी त्यांना ते माहीत होतं, आणि अनुभवाने माणूस तयार होतो तो असा. वर्णन त्यांनी सहा परिच्छेदांचं लिहिलं. अर्धविरामबाईंनी तिसऱ्या परिच्छेदातला एक स्वल्पविराम हलवायला लावला. शंकासूरांनी विचारलं की मागे घेतल्यावर सगळं नेमकं पहिल्यासारखं होईल याची हमी काय, आणि हंगामींनी, आयुष्यात प्रथमच छातीठोकपणे, हमी दिली.

आता तक्रारदाराने तो बदल घालून पाहायचा होता. हा माणूस लिस्टवरचं सगळं वाचणारा होता. स्क्रूंची चर्चा वाचल्यापासून त्याला स्वतःच्या पंख्याचे स्क्रू मोजायची उत्सुकता होती. बदल घालण्यापूर्वी त्याने संगणकाचं झाकण उघडलं, पंख्यात अडकलेला मुठीएवढा धुळीचा बोळा काढून टाकला, स्क्रू मोजले (चारही होते, एक ढिला), आवळले, झाकण लावलं आणि मग बदल घातला. पंखा गप्प झाला. त्याने कळवलं, 'तपासले. बदल मागे घेतल्यामुळे दोष समूळ गेला. आभार.'

विभागप्रमुख बाईंनी हंगामींना बोलावून घेतलं. "अट एका मंजूर बदलाची होती," त्या म्हणाल्या, "तुमचे दोन झाले. शिवाय स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणारा माणूस आजकाल मिळतो कुठे?" पत्रावर सही झाली. कचेरीत त्यांना अजूनही हंगामीच म्हणतात. ते काढायचं तर सगळ्यांची परवानगी लागेल. मेहुण्याला खरोखर आनंद झाला. त्याने ते स्टूल, निळ्या गादीसकट, टेम्पोत घालून पाठवून दिलं, आणि आता हंगामी घरून काम करताना त्यावरच बसतात. सासूबाई शेजारणीला सांगतात, "आमच्या जावयांचं काम इतकं बारीक असतं, की दिसतच नाही."

यथावकाश हंगामी स्वतः पंख्यांचे तपासनीस झाले. परवा त्यांच्याकडे कुठल्याशा नव्या उमेदवाराचा पहिलाच बदल आला. पंख्याच्या कोडातली एका शून्याची ओळ, एक दुहेरी विचारणा आणि एक रिकामी ओळ, अशा तीन ओळी त्याने काढल्या होत्या. हंगामींनी तो बदल वरपासून खालपर्यंत वाचला. अगदी बरोबर होता. त्यांचा ऊर भरून आला, या पोराचीही कुठेतरी एखादं स्टूल वाट बघत असेल असं वाटलं, आणि त्यांनी 'तपासले' लिहायला बोटं कीबोर्डवर ठेवली. मग त्यांच्या मनात आलं, एकही सूचना न करता होकार दिला तर लोक म्हणतील, यांनी वाचलंच नाही. त्यांनी लिहिलं, 'तिन्ही ओळी अनावश्यक आहेत यात वाद नाही. पण रिकामी ओळ हा स्वतंत्र विषय आहे.'

वाचक म्हणतील, काय ही माणसं! समोर असलेलं धड न बघता, बाकीच्यांनी पाहिलं असेल म्हणून माना डोलावतात. वाचकांचं म्हणणं रास्त आहे. एक बारीकशी नोंद तेवढी करायची राहिली. तपासणीचे नियम पाच आहेत असं वर दोनदा सांगितलं, आणि सांगितले चारच. राहिलेला चौथा असा होता, की होकार देण्याआधी आत काही आहे का ते स्वतः मोजून पाहावं. आपण न मोजता इथपर्यंत आलात, त्याअर्थी आपली हरकत नाही असं समजून या कथेखाली 'तपासले' म्हणून आपलं नाव घातलं आहे. (ज्यांच्या लक्षात आलं होतं त्यांनी कळवलं नाही, त्यांचंही घातलं आहे.) शेवटच्या नियमाप्रमाणे ते आता परत घेता येणार नाही.